एमीबाईंचा बिनपगारी वर्ग

मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई. गणिताशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. त्यानंतर दुधाचा हिशेब, भिशीचा हिशेब आणि मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या, एवढंच काय ते माझं गणित. त्यामुळे आज मी चक्क एका गणिती बाईबद्दल लिहायला बसले आहे, याचं आमच्या घरात सगळ्यांना हसू येतंय. येऊ दे.

झालं असं, की पुण्यात आम्ही काही जणी मिळून संध्याकाळची एक अभ्यासिका चालवतो. दोन खोल्या, लांब टेबलं, भिंतीवर एक फळा आणि साडेसातला चहा. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या, कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुली तिथे येतात. खोलीत चौघी-पाचजणी, एकीचा मोबाइल तर एकीची भांडी, तिथे अभ्यास कुठला व्हायला! त्यातली बार्शीकडची एक मुलगी गणितात एम.एस्सी. करते. एकदा चहा थंड होऊन गेला तरी ती वहीत डोकं घालून बसलेली. मी सहज विचारलं, काय अडलंय एवढं? तर म्हणाली, प्रत्येक आयडियल हे सबरिंग असतं, मग प्रत्येक सबरिंग आयडियल का नसतं, ते कळत नाहीये. आणि मुळात ह्याला आयडियल का म्हणतात तेही कळत नाहीये.

मी आपलं म्हटलं, आयडियल म्हणजे आदर्श. आदर्श सून, आदर्श माता, तसंच काहीतरी असेल. ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी माना वर केल्या. मग मी विचारलं, वर्गात का नाही विचारत? त्यावर हसणं थांबलं. बाकीच्यांना येत असेल, आपल्यालाच येत नाही असं दिसेल, म्हणून नाही विचारत, म्हणाली. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर अशा न विचारलेल्या प्रश्नांची बारीक अक्षरात यादीच होती.

मग तिनंच मला समजावलं, आणि समजावताना तिचं तिलाही थोडं सुटत गेलं. रिंग म्हणजे असा एक संच, की त्यातल्या कुठल्याही दोघांची बेरीज करा, वजाबाकी करा, गुणाकार करा, उत्तर त्या संचातच राहतं. आपले पूर्णांक घ्या, शून्य, एक, दोन, उणे एक, उणे दोन, सगळे. ही झाली रिंग. आता अपूर्णांकही धरले तर आणखी मोठी रिंग. तिच्या पोटात पूर्णांकांची रिंग आहे, म्हणून ती सबरिंग. पण पूर्णांक ३ ला बाहेरच्या एक द्वितीयांशानं गुणलं की आलं दीड. झालं, घराबाहेर पडला! म्हणजे सबरिंगमधली मंडळी आपापसात नीट नांदतात, पण बाहेरच्याशी गाठ पडली की त्यांचा भरवसा नाही. आयडियलचं तसं नसतं. पूर्णांकांतल्या सम संख्या घ्या. सम संख्येला कुठल्याही पूर्णांकानं गुणा, सातानं गुणा नाहीतर एकशे एकानं, उत्तर समच येणार. बाहेरून कोणीही आलं तरी त्याला आपल्यात ओढून घेणारं.

मी म्हटलं, म्हणजे विरजण! चमचाभर विरजण कुणाच्याही घरच्या दुधात घाला, दही होणारच. ती एकदम गप्प झाली आणि मग वहीत त्या प्रश्नापुढे तिनं विरजण असा शब्द लिहिला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एक गंमत मात्र तिनं आणखी सांगितली. काही पुस्तकं म्हणतात रिंगमध्ये १ हा आकडा असलाच पाहिजे, काही म्हणतात नसला तरी चालेल. पहिल्या पुस्तकांच्या हिशेबानं सम संख्या ही सबरिंगच नाही, दुसऱ्यांच्या हिशेबानं आहे. त्यामुळे उत्तरं बदलतात आणि मुलं गोंधळतात. गणितातसुद्धा घराघरांची रीत वेगळी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

जाता जाता ती म्हणाली, पुढच्या धड्यात नोएथेरियन रिंग आहेत, त्या तर आणखी कठीण, कुणी नोएथर नावाचे गणितज्ञ होते त्यांच्या नावाच्या. रात्री मी मुलाला सांगून ते नोएथर शोधायला लावले. तर ते होते नव्हतेच. त्या होत्या. एमी नोएथर. मग मी हट्टानंच त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. आता आमच्या अभ्यासिकेत त्यांना सगळ्या एमीबाई म्हणतात, पण लिहिताना मला ती आपल्यातलीच वाटते, म्हणून मी एकेरीतच लिहिते.

एमीचा जन्म २३ मार्च १८८२ चा, जर्मनीत एर्लांगेन नावाच्या छोट्या विद्यापीठाच्या गावातला. साल लक्षात ठेवा. त्याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून निघालं. आपल्याला वाटतं युरोपात बायकांना सगळं आधीच मिळालेलं होतं. तसं काही नव्हतं. एमीचे वडील माक्स नोएथर गणिताचे नामवंत प्राध्यापक, घर ज्यू, खाऊनपिऊन सुखी. चार भावंडांत ही थोरली, पाठचे तिघे भाऊ. पण मुलीला शिकवायचं ते काय, तर स्वयंपाक, घरकाम, पियानो. तिला नाचायला फार आवडायचं, पियानो जेमतेम. अठराव्या वर्षी, १९०० साली, ती मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकवण्याची परीक्षा पास झाली. नोकरी लागली असती, आयुष्य सरळ गेलं असतं.

ती गेली विद्यापीठात. एर्लांगेनच्या प्राध्यापक मंडळींनी दोनच वर्षं आधी जाहीर केलं होतं, की मुलींना प्रवेश दिला तर विद्यापीठाची सगळी शिस्तच कोलमडेल. त्यामुळे तिला नाव घालून शिकता येईना. प्रत्येक प्राध्यापकाकडे जाऊन मागे बसून ऐकू का, असं विचारायचं. तो हो म्हणाला तर बसायचं. त्या वेळी त्या विद्यापीठात ९८६ विद्यार्थी होते आणि त्यात मुली दोन. १९०४ मध्ये नियम बदलला, एमीनं रीतसर नाव घातलं आणि १९०७ मध्ये डॉक्टरेटची परीक्षा दिली. प्रबंधात तिनं मोठमोठ्या सूत्रांची यादी केली होती, तीनशेहून जास्त. पुढे तिला स्वतःलाच तो प्रबंध अगदी टाकाऊ वाटायचा. हिशेब पुष्कळ आणि विचार थोडा, असं काहीसं तिचं मत होतं.

डॉक्टरेट झाली. आता? आता काही नाही. १९०८ ते १९१५, सात वर्षं, ती एर्लांगेनमध्ये फुकट काम करत होती. वडिलांची तब्येत बरी नसली की त्यांचे तास घ्यायचे, विद्यार्थ्यांना मदत करायची, स्वतःचं संशोधन करायचं. पद नाही, पगार नाही. हे वाचताना मला आमच्याकडच्या कितीतरी जणी आठवल्या. सासऱ्यांच्या दुकानात वीस वर्षं बसणाऱ्या, नवऱ्याच्या दवाखान्यात नोंदी ठेवणाऱ्या. काम सगळं त्यांचं, पण कुणी विचारलं तर काय करता? काही नाही, घरीच असते.

१९१५ मध्ये ग्योटिंगेनहून बोलावणं आलं. ग्योटिंगेन म्हणजे त्या काळातली गणिताची पंढरी. तिथले डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन हे दोघं दिग्गज आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धान्तावर काम करत होते आणि त्यांना एमीच्या विषयातलं ज्ञान हवं होतं. ती गेली. त्याच वर्षी तिची आई वारली. हिल्बर्टनं तिला अधिकृतपणे शिकवण्याचा परवाना मिळावा म्हणून धडपड केली, पण कायद्यानं बाईला तो मिळत नव्हता, आणि भाषा-इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी जोरात विरोध केला. महायुद्ध चालू होतं. आपले जवान लढाईवरून परत येतील आणि त्यांना एका बाईच्या पायाशी बसून शिकावं लागेल, हे कसं चालेल, असा त्यांचा मुद्दा. हिल्बर्ट चिडला. हे विद्यापीठ आहे, पुरुषांचं स्नानगृह नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं सुनावल्याची गोष्ट गणितवाले अजून सांगतात. पण सुनावून काही झालं नाही. शेवटी त्यानं युक्ती केली. फलकावर तास जाहीर व्हायचे हिल्बर्टच्या नावानं, साहाय्य कुमारी नोएथर यांचं, असं खाली. शिकवायला उभी राहायची एमी.

त्याच सुमाराला, १९१६ मध्ये, इकडे पुण्यात अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं होतं. नकाशावर कुठलं गाव पुढे आणि कुठलं मागे, हे आपण फार घाईनं ठरवतो.

१९१८ मध्ये तिनं जो सिद्धान्त मांडला त्यानं पदार्थविज्ञानवाले आजही तिचं नाव घेतात. निसर्गाचा नियम काल होता तोच आज आहे आणि उद्याही असेल, ह्या साध्या गोष्टीतूनच ऊर्जा नाहीशी होत नाही हे सिद्ध होतं. नियम पुण्यात आणि सोलापुरात सारखाच, ह्यातून गतीविषयीचा तसाच नियम निघतो. जिथे जिथे असा सारखेपणा तिथे तिथे काहीतरी टिकून राहतं, असं तिनं गणितानं दाखवून दिलं. हे तिथल्या विज्ञानसभेपुढे २६ जुलै १९१८ ला मांडलं गेलं, पण मांडलं क्लाइननं. एमी सभेची सदस्य नव्हती ना!

युद्ध हरल्यावर जर्मनीत राजा गेला, बायकांना मत मिळालं, आणि १९१९ मध्ये एकदाचा तिला शिकवण्याचा परवाना मिळाला. वय सदतीस. १९२२ मध्ये प्राध्यापक ही पदवीही मिळाली, पण नुसती पदवी, पगाराविना. १९२३ मध्ये, जर्मनीत महागाईनं नोटांचे कागद झाले होते त्या वर्षी, बीजगणित शिकवण्यासाठी थोडेफार पैसे सुरू झाले. डॉक्टरेटनंतर सोळा वर्षांनी पहिला नियमित मोबदला!

इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय. तिच्याबद्दल लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी मोठ्या कौतुकानं लिहिलंय, की तिला पैशाची फिकीर नव्हती, कपड्यांची हौस नव्हती, तक्रार म्हणून तिनं कधी केली नाही. असेलही. पण तिनं तक्रार केली नाही म्हणून देणाऱ्यांचं न देणं माफ होतं का? आम्ही बायका मंडळात फुकट काम करतो तेव्हा आमचंही असंच कौतुक होतं, हारतुरे होतात. शिवाय त्या सहकाऱ्यांनी तिच्या जाड असण्यावर, मोठ्या आवाजावर, विस्कटलेल्या केसांवरही लिहून ठेवलंय. एखाद्या गणितज्ञ पुरुषाच्या केसांबद्दल कोणी लिहितं का हो? आइन्स्टाइन सोडा! आणि गंमत म्हणून ते तिच्या नावाला जर्मनमधलं पुल्लिंगी उपपद लावायचे. म्हणजे आपल्याकडे तो नोएथर म्हणावं तसं. आमच्या बार्शीच्या मुलीला ती पुरुष वाटली यात नवल ते काय!

पण आता तिच्या वर्गाकडे या, कारण खरी मजा तिथे आहे. १९२१ मध्ये तिनं रिंग आणि आयडियल यांच्यावर एक निबंध लिहिला आणि बीजगणिताचं तोंडच फिरलं. आयडियल हा शब्द तिचा नव्हे. त्याची गोष्ट अशी. आपल्या नेहमीच्या संख्यांचे मूळ अवयव एकाच रीतीनं पडतात. ६ म्हणजे २ गुणिले ३, दुसरं काही नाही. पण गणितज्ञांनी काही मोठे, विचित्र संख्यासंच तयार केले तेव्हा तिथे ६ चे अवयव दोन अगदी वेगळ्या रीतींनी पडायला लागले. सगळा पायाच हलला. तेव्हा कुमर नावाच्या गणितज्ञानं अशा काही संख्या कल्पिल्या, की त्या जर असत्या तर सगळं पुन्हा सुरळीत झालं असतं. प्रत्यक्षात नसलेल्या, कल्पनेतल्या, म्हणून आयडियल. पुढे १८७१ मध्ये डेडेकिंड यांनी त्या कल्पनेऐवजी खरेखुरे संच घेतले आणि नाव तेच ठेवलं. म्हणजे आदर्श सुनेचा आणि ह्याचा काही संबंध नाही. मनातल्या, असायला हव्या होत्या अशा वस्तूंचं हे नाव. हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिनं यादीतल्या आणखी एका प्रश्नावर काट मारली.

एमीनं काय केलं, तर ह्या आयडियलांकडे संख्यांचे संच म्हणून पाहण्याऐवजी त्यांची आपापसातली नाती पाहिली. एकात एक बसणारे डबे असतात ना आपल्याकडे, तसं समजा. २४ च्या पटीतल्या सगळ्या संख्यांचा डबा बसतो १२ च्या पटीच्या डब्यात. तो बसतो ६ च्या, तो ३ च्या, आणि तो शेवटी सगळ्या पूर्णांकांच्या डब्यात. पुढे मोठा डबाच नाही. कुठूनही सुरुवात करा, मोठा मोठा डबा घेत गेलात तर कधीतरी थांबावंच लागतं. लहान लहान घेत गेलात, ४८, ९६, १९२, तर मात्र अंत नाही. ज्या ज्या रिंगमध्ये हे वरचं चढणं थांबतंच, तिथे कितीतरी गोष्टी आकडेमोड न करता सिद्ध करता येतात, हे तिनं दाखवलं. त्याच ह्या नोएथेरियन रिंग. तीनशे सूत्रांची यादी करणारी मुलगी आणि एका साध्या अटीवर सगळं उभं करणारी ही बाई, दोघी एकच, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि विचारलं तर ती म्हणायची, हे सगळं डेडेकिंडकडे आधीच आहे.

शिकवायची कशी? व्यवस्थित मुळीच नाही. भराभर बोलायची, मध्येच नवं काही सुचलं की तिकडे वळायची, फळ्यावर लिहून पुसायची, अंबाड्यातल्या पिना गळून पडायच्या. एकदा दोन मुली मधल्या सुट्टीत तिला केस नीट करा म्हणून सांगायला गेल्या, पण ती कुणाशी तरी गणितात इतकी गुंतली होती, की त्यांना बोलायला फटच मिळाली नाही. नवख्यांना तिचं काही कळायचं नाही. पण जे टिकले त्यांना कळलं, की ही बाई तयार उत्तर देत नाही, आपल्यासमोर विचार करते. तिला प्रश्न विचारायला संकोच वाटायचा नाही, कारण तीच सतत प्रश्नात असायची. ह्या पोरांना नोएथरची मुलं असंच नाव पडलं होतं. सुट्टीच्या दिवशी संस्था बंद असली तर ती सगळ्यांना घेऊन रानातून चालत निघायची, वाटेत गणित, शेवटी कॉफी. घरी पोचली तर पुडिंग करून खाऊ घालायची. हॉलंडहून आलेल्या व्हान डर वार्डन नावाच्या तरुणानं तिचे आणि तिच्या सहकाऱ्यांचे तास ऐकून जे पुस्तक लिहिलं, १९३० आणि १९३१ मध्ये दोन भागांत, त्याच वाटेनं जगभरचं बीजगणित शिकवलं जाऊ लागलं. बार्शीच्या मुलीच्या वहीतला अभ्यासक्रम मुळात तिथला आहे.

१९३२ मध्ये झुरिकला जागतिक गणित परिषद भरली तेव्हा मुख्य व्याख्यानांपैकी एक तिचं होतं. तो मान मिळालेली ती पहिली बाई. सगळं आता मार्गी लागणार असं वाटत होतं. आणि पाच महिन्यांत हिटलर आला. एप्रिल १९३३ च्या कायद्यानं ज्यूंना सरकारी नोकरीतून काढलं, त्यात एमीला पहिल्याच फटक्यात काढलं. तिनं काय करावं? घरीच वर्ग घ्यायला सुरुवात केली. तिच्या घरात जमणाऱ्या विद्यार्थ्यांत एक जण नाझींचा तपकिरी गणवेश घालून यायचा. तिनं त्यालाही बसवून घेतलं, शिकवलं. ही गोष्ट वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. मला जमलं असतं का? नसतं. आणि जमायला हवं होतं का, ह्याचंही उत्तर माझ्याकडे नाही. तिचा भाऊ फ्रिट्झ, तोही गणितज्ञ, रशियात आसऱ्याला गेला. तिथे खोट्या आरोपाखाली पकडला गेला आणि १९४१ मध्ये त्याला गोळी घालून मारलं. ते पाहायला एमी नव्हती.

ती गेली अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर नावाच्या मुलींच्या कॉलेजात. फिलाडेल्फिया म्हटल्यावर कुणी आठवलं? आपली आनंदी गोपाळ! त्याच शहरात आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. ब्रिन मॉर कॉलेज १८८५ चं, आनंदीबाई तिथे शिकत होत्या तेव्हाच उघडलेलं. एमीला आयुष्यात पहिल्यांदा धड पगार मिळाला तो इथे, आणि आजूबाजूला बायका, त्याही गणित करणाऱ्या. गणित विभागप्रमुखही एक बाई, ॲना पेल व्हीलर. इथेही चालत फिरणं, बोलता बोलता इंग्रजी सोडून जर्मनमध्ये घसरणं चालूच. १९३४ च्या उन्हाळ्यात ती जर्मनीला जाऊन आली, सामान हलवलं. म्हणजे परतायचं नाही हे पक्कं झालं होतं.

एप्रिल १९३५ मध्ये पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. दोन-तीन दिवस बरी होती, मग एकदम ताप चढला आणि १४ एप्रिलला ती गेली. त्रेपन्न वर्षांची होती. तिची रक्षा ब्रिन मॉरच्या ग्रंथालयाच्या ओवरीत, फरशीखाली पुरली आहे. आइन्स्टाइननं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून तिची थोरवी सांगितली.

अमेरिकेतल्या त्या दीड वर्षात ती दर आठवड्याला प्रिन्स्टनला व्याख्यानाला जायची. तिथे तिची भेट होणाऱ्यांत ऑस्कर झारिस्की नावाचे गणितज्ञ होते. रोममध्ये शिकलेले, भूमिती करणारे. त्यांना आपल्या भूमितीच्या पायात फटी दिसत होत्या, आणि त्या बुजवायला त्यांनी हेच नवं बीजगणित, रिंग आणि आयडियल, हाताशी घेतलं. पुढे ते हार्वर्डला गेले. १९५१ मध्ये त्यांच्याकडे मुंबईहून शिकलेला एक मराठी मुलगा येऊन दाखल झाला. वाढलेला ग्वाल्हेरला, वडील गणिताचे प्राध्यापक. नाव श्रीराम अभ्यंकर. १९५५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि ते जगातल्या मोठ्या बीजगणितवाल्यांत गणले गेले. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवत असतानाही त्यांचं येणंजाणं पुण्यात असायचं, आणि १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. लॉ कॉलेज रस्त्याजवळ, एरंडवण्यात. तिथून मी कितीदा रिक्षानं गेले असेन, पाटी वाचलीय, आत काय चालतं ते कधी विचारलं नाही. २ नोव्हेंबर २०१२ ला अभ्यंकर गेले. एक सांगायला हवं, की फार अमूर्त बीजगणिताबद्दल त्यांची नाराजी होती. शाळेतल्या बीजगणितातूनच मोठं गणित करता येतं असं ते ठासून सांगायचे. म्हणजे नातवंडानं आजीशी वाद घालावा तसा हा वाद. पण घरातलाच.

आणखी एक धागा आहे. १९३५ मध्ये जर्मनीतून असेच काढले गेलेले ज्यू बीजगणितवाले फ्रीडरिष लेव्ही कलकत्त्याला आले, आणि पुढे काही वर्षं मुंबईला टाटा संस्थेत होते. नव्या बीजगणिताचं विरजण आपल्या देशात लागलं त्यात त्यांचा हात मोठा. हिटलरनं ज्यांना हाकललं त्यांनी आमच्या पोरींचा अभ्यासक्रम वाढवून ठेवला असं म्हणायचं!

हे सगळं मी अभ्यासिकेत चहाच्या वेळी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आता फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकोन आखलाय. ज्याला जे अडलंय त्यानं तिथे लिहायचं, नाव घालायचं नाही. पहिल्या आठवड्यात तिथे फक्त माझाच प्रश्न होता, मोडी लिपीबद्दलचा. दुसऱ्या आठवड्यात सात होते.

मागच्या महिन्यात त्या मुलीचे वडील बार्शीहून एस.टी.नं आले. मुलगी एम.एस्सी. झाली की स्थळं बघायची असं घरात चाललं होतं, आणि तिला पुढे संशोधन करायचंय. ती बोलेना, म्हणून मी बोलले. चहा घेता घेता त्यांना एमीची गोष्ट सांगितली, अगदी एर्लांगेनपासून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. कप खाली ठेवला आणि एकच विचारलं, की त्या बाईंना पगार किती होता? मी खरं ते सांगितलं, की बरीच वर्षं काहीच नव्हता. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलीकडे वळून म्हणाले, फुकट करायचं असलं तर आपल्याला परवडणार नाही. तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि नेट परीक्षेबद्दल सांगितलं. चांगल्या क्रमांकानं पास झालं तर संशोधन करताना दरमहा पाठ्यवृत्ती मिळते, सरकारकडून.

अर्ज कधी भरायचा, फी किती, आणि परीक्षेचं केंद्र सोलापूरला मिळेल का, हे त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं आणि पाच वाजताच्या गाडीनं परत गेले.